आळ्यात उभे राहा

सरांनी मला पहिल्यांदा भिजवलं तेव्हा मी कॉलेजात रुजू होऊन पंधरवडाही झाला नव्हता. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागे दोन कडुनिंब, एक करंज आणि काही केल्या न वाढणारी एक बकुळ होती. एका सकाळी पाहते तर दुसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग त्या झाडांच्या आळ्यांत उभा. पाणी धरून ठेवायला बुंध्याभोवती मातीची गोल कड केलेली, आणि त्या कडेच्या आत तिघं-चौघं, हाताची घडी घालून. सर बादली घेऊन हिंडत होते आणि एकेकाच्या डोक्यावर तांब्या रिता करत होते. काय चाललंय ते पाहायला मी पुढे गेले, तर म्हणाले, "मॅडम, बकुळीचं आळं मोकळं हाय. उभ्या राहा."

ते विभागप्रमुख होते आणि माझी नोकरी कच्ची होती. मी उभी राहिले. साडी नवी होती हे सांगायचा धीर झाला नाही.

भाद्रपदातल्या सहलीची ती तयारी होती. सर दरवर्षी विद्यार्थ्यांना आंबोलीपलीकडच्या एका खेड्यात न्यायचे, तिथलं बारमाही हिरवं जंगल दाखवायला. तिथे पाऊस सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही, आणि आमची मुलं सिल्लोड, सोयगाव, पैठणकडची. अंग ओलं झालं की त्यांना पहिलं सर्दीचं भय. म्हणून सर त्यांना आधीच भिजवायचे आणि तसंच निथळत वर्गात बसवून तास घ्यायचे. "ओल्या अंगानं ध्यान लागतंय का बघा. तिथं आठ दिवस असंच ऐकायचंय," म्हणायचे.

तेव्हाच्या औरंगाबादेत नळाला पाणी दिवसाआड आलं तरी लोक देवाला हात जोडायचे. एकदा प्राचार्य खिडकीतून ओरडले, "अरे, प्यायला पाणी नाही आणि तू पोरांना आंघोळी घालतोस?" सरांनी मान वर न करता उत्तर दिलं, "अरे, झाडांना घालायचंच होतं. वाटेत पोरं उभी केली." प्राचार्य आणि ते शाळेपासूनचे सोबती. साऱ्या कॉलेजात सर विद्यार्थ्यांना अहो म्हणत आणि फक्त प्राचार्यांना अरे.

ते सोयगावकडचे, कापूस पिकवणाऱ्या घरातले. उन्हाळ्यात सागाची पानं गळून उघडे पडलेले अजिंठ्याचे डोंगर, एवढंच जंगल त्यांनी तिशीपर्यंत पाहिलेलं. मग कुणाच्या तरी लग्नाला कोकणात चालले असताना घाटात बस बंद पडली. बस दुरुस्त होईपर्यंत म्हणून ते झाडीत शिरले, आणि बस दुरुस्त होऊन निघून गेली. लग्न राहिलं. लग्न कुणाचं होतं, हे पुढे कितीदा विचारलं तरी त्यांना आठवलं नाही. त्या घरच्यांनी मात्र ते लक्षात ठेवलं असणार.

अभ्यासक्रमात त्या जंगलाला वर्षावन म्हणत. वर्षातून एकदा जायचं वन ते वर्षावन, अशी मुलांची चेष्टा होती. सर हा शब्द फळ्यावर लिहीत, परीक्षेतही लिहायला लावत, पण तोंडाने कधी उच्चारत नसत. ते रान म्हणत. "लई शब्द शिकू नका. रान म्हणा. जीभ सैल सुटती."

मला त्यांच्याबरोबर जावं लागे ते माझ्या ज्ञानासाठी नव्हे. मुली सहलीला जाणार तर सोबत बाई शिक्षक हवी, असा नियम होता, आणि विभागात मी एकटीच बाई. मी गुलमंडीजवळ वाढलेली. आमच्याकडे आजोबांपर्यंत भिक्षुकी आणि नंतर सगळी कारकुनी, त्यामुळे चिखलाशी संबंध रस्ता ओलांडण्यापुरता. पहिल्या वर्षी माझ्या पोटरीला जळू लागली तेव्हा मी किंचाळले आणि मीठ मागितलं. सर म्हणाले, "राहू द्या मॅडम. पाहुणे आपण हावोत. चहापाणी आपल्याकडूनच." ती भरपेट पिऊन आपणहून गळून पडेपर्यंत त्यांनी मला हलू दिलं नाही, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांना जळूची जीवनकहाणी सांगून टाकली.

शिदोरी म्हणून प्रत्येकाने ज्वारीच्या भाकरी आणायच्या, हा त्यांचा हट्ट. त्या दमट हवेत भाकरीला लगेच बुरशी चढायची. सर्वांना वाटे, सर दरवर्षी विसरतात. ते विसरत नसत. बुरशी धरली की ते फडकं सोडून भाकरी मधोमध ठेवत आणि बुरशीचा धडा तिथेच उरकत. एरवी कुठल्या झाडाचं पानही तोडू देत नसत. पडलेलं घ्या, तोडायचं नाही. त्यामुळे आमच्या मुलांच्या वह्यांत चिकटवलेली पानं सगळी भोकाभोकांची, डागाळलेली. बाहेरून आलेले परीक्षक एकदा वैतागले, "एकही धड पान नाही?" सर म्हणाले, "साहेब, कुणीतरी जेवून उठलंय त्यावर. ते कोण, ते पोरांना विचारा की." परीक्षकांनी विचारलं, आणि मुलांना सांगता आलं. मार्क तरीही कमीच पडले.

सगळ्यांत कडक नियम दगडाचा होता. ओढ्यातला दगड उचलून पाहिला तर जसा होता तसा, शेवाळाची बाजू वर ठेवूनच परत ठेवायचा. एका मुलाने दगड उलटून तसाच टाकला तर सरांनी त्याला दिवसभर मुक्कामावर बसवून ठेवलं. "कुणाच्या घरावरचं पत्रं काढून चाललात तुम्ही? आत लेकरंबाळं हायती त्यांची." मुलं त्यांना हसत, पण दगड जपून ठेवत.

मुलींच्या घरी परवानगी मागायला सर स्वतः जात. मागच्या सीटवर मला बसवून त्यांची स्कूटर गावोगाव फिरे. मंगलच्या घरी गेलो तो दिवस मला नीट आठवतो. सिल्लोडच्या अलीकडे त्यांचं गाव. मंगल दुसऱ्या वर्षाला होती, हुशार होती, आणि त्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. तिचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, ओसरीवर बसून कणसं सोलत होते. सर म्हणाले, "आठ दिवस पोरांना रान दाखवायला नेतोय. मंगललाही न्यावं म्हणतो. ह्या मॅडम संगट हायती."

"रान ना?" आबा म्हणाले. "न्या की. रानात तर ती रोजच असती. खुरपं देऊ का बरोबर?"

"खुरपं नको," सर म्हणाले, आणि चहा संपवून लगेच उठले.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खुरपं म्हणजे रोपं मुळासकट काढायला, असं मी समजले.

त्या सहलीत आम्ही खेड्यातल्या शाळेत उतरलो होतो. कोकणातल्या शाळांना गणपतीची सुट्टी होती, वर्ग मोकळे होते. तिसऱ्या का चौथ्या दिवशी सर सगळ्यांना घेऊन सकाळीच जंगलात गेले. मी मागे राहिले. मला कणकण होती, निदान मी तसं सांगितलं होतं. चुलीपाशी बसून आचाऱ्याला कांदे चिरून देत होते, तेवढ्यात पावसातून एक माणूस येताना दिसला. धोतर चिखलाने भरलेलं, टोपी निथळतेय, खांद्यावर पोतं. ओसरीवर चढून त्याने पोतं आपटलं तेव्हा मी ओळखलं.

"मंगल कुठाय?" आबांनी विचारलं.

"रानात गेलीय," मी म्हणाले.

त्यांनी मागे वळून बाहेर पाहिलं. समोर धुकं, आणि धुक्यात एकमेकांत घुसलेली काळीहिरवी झाडं. "हे रान हाय?" ते म्हणाले. "रान म्हंजी शेत असतंय, बाई. कोणचं पीक हाय इथं? दाखवा मला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात रान म्हणजे जंगल. त्यांच्या घरात रान म्हणजे शेत, सकाळी जायचं आणि दिवस मावळायला परत यायचं. आबांना वाटलं होतं, कॉलेजचं कुठेतरी शेत असेल, तिथे पोरांना पिकं दाखवतील. पोरांना खायला म्हणून मक्याच्या कणसांचं पोतं घेऊन ते शहरात आले आणि कॉलेजच्या शिपायाला त्यांनी विचारलं, तुमचं रान कुठंय? शिपाई हसत सुटला. गाव कळलं तसे ते पोतं घेऊनच निघाले होते, रात्रभर बस बदलत. निघण्याआधी बूथवरून थोरल्या जावयाला फोन केला होता: पोरीला घेऊनच येतो, तिचं कॉलेज आजपासून बंद.

"उलीसं खोटं असतं तर पोटात घातलं असतं," आबा म्हणाले. "लेक माझी. कुठल्या मुलखात हाय, ते गावानं इचारलं तर काय सांगू? रानात हाय म्हणू?"

मी चहा दिला. तो त्यांनी घेतला नाही. संध्याकाळपर्यंत मुलं यायची नाहीत, म्हटल्यावर ते भिंतीला टेकून बसले. पण शेतकरी माणसाला नुसतं बसवत नाही. थोड्या वेळाने उठून शाळेमागच्या ओढ्यापाशी जाऊन उभे राहिले. ओढा भरून वाहत होता.

"हे पाणी कुठं जातंय?"

"खाली घाटात. मग समुद्राला."

"आन कुणी अडवीत नाय?"

"नाही."

"कामून?"

माझ्या उत्तराची वाट न पाहता आबांनी धोतर खोचलं आणि ओढ्यात उतरले. रागावलेला माणूस भांडी आपटतो, तसे ते दगड आपटत होते. पण थोड्याच वेळात आपटणं थांबलं आणि काम सुरू झालं. मोठे दगड खाली, लहान सांदीत, वर चिखल. दुपारपर्यंत चांगला बांध उभा राहिला आणि बाजूने पाट काढून त्यांनी पाणी शाळेच्या अळूच्या वाफ्यात सोडलं. तो वाफा आधीच पाण्यात बुडालेला होता. आचारी माझ्याकडे पाहायचा, मी आचाऱ्याकडे. अडवायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

संध्याकाळी मुलं परतली ती ओढ्याकडूनच. बांध दिसताच सगळी जागच्या जागी थांबली. एक दगड उलटा टाकला म्हणून दिवसभर बसवणारे सर, आणि इथे अख्खा ओढा उपसलेला. मंगलने वडलांना पाहिलं आणि ती सगळ्यांच्या मागे सरकली.

"मास्तर, फसवलं तुम्ही मला," आबा म्हणाले.

"मी रानच म्हणलो होतो," सर म्हणाले.

"व्हय. तेच तर."

एक मुलगा बांधाचा दगड काढायला वाकला, त्याला सरांनी थांबवलं. "हात लावू नका. त्यांनी मेहनतीनं बांधलाय."

मग मंगल पुढे आली. वडलांशी नजर न मिळवता ती बांधाच्या खालच्या अंगाला उकिडवी बसली. "आबा, इकडं बघा ना." तिथलं पाणी ओसरलं होतं. दगडांच्या मधल्या एका खळग्यात बेडकाची काळी पिल्लं एकमेकांवर चढत होती. "हे पाणी वाया नव्हतं चाललं. हे ह्यांचं होतं."

"ह्यांचं म्हंजी कुणाचं?" आबा चिडून म्हणाले. "मालक कोण हाय ह्या रानाचा?"

मंगलने ओंजळीने पिल्लं उचलून वरच्या पाण्यात सोडायला सुरुवात केली. आबा बघत उभे राहिले, मग वळून ओसरीवर गेले. रात्री कणसं उकडली, कारण सरपण ओलं होतं आणि भाजता येईनात. आबांनी वेगळं बसून खाल्लं.

सकाळी उठलो तर ओढा पहिल्यासारखा वाहत होता. बांध नव्हता, पाटही बुजवलेला. सर वाकून एकेक दगड पाहत गेले. शेवाळाची बाजू वर होती. आबा तोवर मंगलची पिशवी भरून, ताज्या चिखलाच्या धोतरानिशी बसथांब्यावर जाऊन बसले होते. जावयाला सांगून बसलो, तोंडातून निघालं ते निघालं, असं म्हणून त्यांनी मंगलला बसमध्ये चढवलं. ती खिडकीशी बसली, पण बाहेर पाहत नव्हती. मला फार वाईट वाटलं आणि सरांचा भयंकर राग आला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "तुम्ही त्यांच्यासारख्याच घरातले."

"खुरपं देऊ का म्हणले, तवाच कळलं होतं."

"मग?"

"खरं सांगितलं असतं तर धाडली नसती."

"आता कॉलेजच सुटलं तिचं."

ते पुढे चालू लागले. उरलेले दिवस ते शिकवत राहिले, पण रान हा शब्द त्यांनी वापरला नाही. फळ्यावरचा तो लांबलचक शब्द तोंडाने म्हणायला लागले आणि दर वेळी अडखळत होते.

मंगल आली नाही. दिवाळीची सुट्टी संपली तरी नाही. हजेरी घेताना सर तिचं नाव रोज पुकारत आणि रोज थोडा वेळ थांबत. एका रविवारी सकाळी स्कूटर माझ्या दाराशी आली. "चला," एवढंच म्हणाले.

आबा शेतात होते. कापसाची वेचणी चालली होती, मंगलही ओटी बांधून वेचत होती. आम्हाला पाहून तिने मान खाली घातली. सर बांधावरच थांबले, आत गेले नाहीत. तिथूनच म्हणाले, "मी रान म्हणलो. तुम्ही शेत समजला. ते मला कळलं आन मी समजू दिलं. चूक माझी. तिची नाय."

आबांनी हातातलं बोंड पूर्ण वेचलं. बायका कान देऊन ऐकत होत्या. "आत या," ते म्हणाले. "बांधावर कामून उभे?"

सर आत गेले. आबांनी त्यांना हरभऱ्याच्या वाफ्यापर्यंत नेलं, विहीर दाखवली, तळ गाठलेलं पाणी दाखवलं. मी मागून चालत होते. विहिरीपाशी आबा म्हणाले, "पुढच्या साली कधी हाय ते?"

"भादव्यात," सर म्हणाले. "पाठवाल?"

"तिचं तर हायच. उद्या येती कॉलेजात," आबा म्हणाले. "मी माझं इचारतोय. बापाला जागा असती का गाडीत?"

सर हसले नाहीत. मला वाटतं, त्यांना हसता येईना. त्यांनी विहिरीत पाहिलं आणि म्हणाले, "भाकरी आपली आपण आणायची."

पुढच्या पावसाळ्यात आम्ही परवानग्या मागायला निघालो तेव्हा सरांची भाषा बदललेली होती. "जंगल. शेत नाय. लांब हाय, मुक्काम हाय, पाऊस लई, जळवा चावत्यात." सगळं असं खरं सांगितल्यावर बापांनी नकार द्यायला सुरुवात केली. मग सर सिल्लोडला जाऊन आबांना घेऊन आले. स्कूटरवर आता मागे आबा असत आणि मला एसटीने जावं लागे. आबा ओसरीवर ऐसपैस बसत आणि सांगत, "म्या पाह्यलंय. कुणाचंच नाय ते, आन समद्यांचं हाय. पोरीला धाडा." त्यातलं निम्मं बढवून सांगितलेलं असे. सर मध्ये बोलत नसत.

सहलीच्या आधी नेहमीप्रमाणे विभागामागे वर्ग उभा राहिला. नळाला पाणी आलं होतं. मी बकुळीच्या आळ्यात, ती आता माझी जागा झाली होती. करंजाच्या आळ्यात मुलांच्या रांगेत आबा, धोतर वर खोचून. त्यांनी टोपी काढून घडी केली आणि जवळच्या मुलाच्या हातात दिली. प्राचार्य खिडकीत उभे होते, पण या वेळी ओरडले नाहीत.

सर बादली घेऊन आले. एक तांब्या भरला आणि तो मंगलच्या हातात दिला.

तिने वडलांकडे पाहिलं. आबांनी डोळे मिटून मान खाली केली. तिने हळूच तांब्या रिता केला. पाणी त्यांच्या डोक्यावरून, खांद्यावरून, धोतरावरून आळ्यात उतरलं आणि करंजाच्या मुळाशी जिरायला लागलं.

"झालं?" डोळे न उघडता आबांनी विचारलं.

"हलू नका," सर म्हणाले. "अजून एक. तिथं लई पडतो."